अंडी रंगवणे (घरगुती रंगांनी)

वसंतातल्या सणाला, विशेषतः ईस्टरला, अंड्यांच्या कवचांवर रंग चढवण्याची प्रथा. कांद्याची फोलपटे, हळद, लाल पत्ताकोबी, चहा अशा स्वयंपाकघरातल्याच जिनसांनी हे काम कसे होते, याचा विचार या नोंदीत केला आहे. त्यातही नागपूरचा बाजार आणि नागपूरचे ऊन गृहीत धरले आहे. पातेल्यातला रंग आणि अंड्यावरचा रंग यांचा मेळ क्वचितच बसतो. गुलाबी पाण्यातून अंडे निळे निघते आणि बिटाच्या लालभडक पाण्यातून मातकट. नवख्याचा हिरमोड होतो तो इथेच, आणि या कामातली गंमतही इथेच आहे.

अंड्याच्या कवचावर काहीतरी करून पाहण्याची हौस ईस्टरपेक्षा फार जुनी आहे. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे येथील उत्खननात शहामृगाच्या अंड्याचे रेघोट्या कोरलेले कवच सापडले. ते सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे मानले जाते. ख्रिस्ती परंपरेत अंडे आले ते उपवासाच्या वाटेने. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात मध्ययुगीन युरोपात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. कोंबड्यांना मात्र उपवास नसतो, त्यामुळे घरोघर अंडी साठत आणि उपवास सुटला की त्यांचाच सण होई. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या खर्चाच्या हिशेबात दरबारी लोकांना वाटण्यासाठी ४५० अंडी घेतल्याची आणि त्यांना १८ पेन्स पडल्याची नोंद आहे. ती रंगवून किंवा सोन्याच्या वर्खाने मढवून वाटली होती. ग्रीसमध्ये अंडी लाल रंगवून एकमेकांवर आपटतात, ज्याचे फुटत नाही तो नशीबवान. युक्रेनमध्ये मेणाच्या रेघा ओढत आणि एकामागून एक रंगात बुडवत नक्षी काढतात. त्या ‘पिसांका’ कलेचा समावेश २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला.

रंगीत अंडे हे एकट्या ईस्टरचे नाही. २१ मार्चच्या सुमाराच्या नवरोजला, म्हणजे नववर्षाला, इराणी घरांत मांडल्या जाणाऱ्या मेजावर रंगवलेली अंडी असतात आणि पारशी घरांतही जमशेदी नवरोजला ती दिसतात. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल ही कापडगिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, त्या नागपूरला पारशी मंडळी काही नवी नाहीत.

नागपुरातल्या ख्रिस्ती वस्तीचा इतिहास स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये येथे आले त्या काळापासूनचा. शहराजवळची कामठीची लष्करी छावणी त्याहून जुनी आहे. नागपूरच्या ‘सदर’ नावाच्या भागात सेंट फ्रान्सिस डी सेल्स हे कॅथलिकांचे आणि ऑल सेंट्स हे प्रोटेस्टंटांचे, अशी दोन्ही कॅथीड्रल आहेत. मराठी ख्रिस्ती घरांत ईस्टरचे मुख्य अंग म्हणजे उत्तम शुक्रवारनंतरच्या (गुड फ्रायडेनंतरच्या) रविवारची पहाटेची उपासना. अंडे हा त्याला लागून आलेला मुलांचा भाग. बेकरीत साखरेची आणि चॉकलेटची अंडी मिळतात, त्यामुळे खरी अंडी रंगवायची ती हौसेखातर. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांदरम्यान कधीही येतो. कधी तो होळीला अगदी खेटून येतो: २०२४ मध्ये २५ मार्चला धुळवड झाली आणि ३१ मार्चला ईस्टर. कधी मात्र तो भर उन्हाळ्यात जातो, जसा २०२५ मध्ये २० एप्रिलला. अंडी रंगवणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवतो. तो का, ते पुढे येईल.

कवच आणि आंबट

अंड्याचे कवच जवळजवळ सगळे कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडूच्याच जातीचे. त्यावर प्रथिनाचा एक पातळ पापुद्रा असतो. रंगाच्या पाण्यात व्हिनेगर घालतात ते दोन कारणांसाठी. एक तर आम्लाने कवचाचा वरचा थर किंचित खाल्ला जातो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. अंडे पाण्यात सोडल्यावर त्याभोवती बारीक बुडबुडे धरतात, ते याच झटापटीचे. दुसरे असे की, आंबट पाण्यात त्या पापुद्र्यातली प्रथिने बऱ्याच रंगद्रव्यांना घट्ट धरतात. पेलाभर रंगाला मोठा चमचाभर व्हिनेगर पुरे. हात सैल सोडला तर कवच इतके झिजते की बोट फिरवताच रंग पिठासारखा निघून येतो. लिंबाचा रसही चालतो. चिंचेचा कोळ घालू नये, तो आपलाच तपकिरी रंग घालून बसतो.

आम्ल आणि खार (अल्कली) यांचा हा खेळ मराठी घराला अनोळखी नाही. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकवाचे मूळ त्यातच आहे. लाल पत्ताकोबीतले अँथोसायनिन हे द्रव्य याच खेळाचे, पण त्याची दिशा वेगळी: आंबटात ते गुलाबी, खारात निळे. कोबी चिरून पाण्यात उकळली की जांभळे पाणी मिळते. व्हिनेगर घालताच ते गुलाबी होते, आणि पाहणाऱ्याला वाटते की अंडे गुलाबीच निघणार. पण कवच खाराच्या वृत्तीचे. त्याला चिकटलेल्या थरातले आम्ल ते मारून टाकते आणि रंग निळ्याकडे झुकतो. अर्ध्या तासाने काढलेले अंडे आभाळी असते, रात्रभर ठेवलेले गडद निळे. गुलाबी पाण्यातून निळे अंडे वर येताना पाहून लहान मुले ओरडतात. मोठीही ओरडतात, पण कबूल करत नाहीत.

रंगाच्या जिनसा

सगळ्यांत भरवशाचा रंग कांद्याचा, आणि तोही फुकटचा. कॉटन मार्केटमधल्या कांदेवाल्याकडे पिशवीभर फोलपटे मागितली तर तो आधी चमकून बघतो आणि मग आनंदाने देतो, त्याला तो कचराच. आठ-दहा कांद्यांची कोरडी फोलपटे लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळली की काढा गडद तांबूस होतो. यात अंडी रंगातच उकडली तरी चालतात. रंग पिवळसर नारिंगीपासून विटकरी लालपर्यंत जातो आणि पुसला जात नाही. ग्रीसच्या घरगुती लाल अंड्यांमागेही पुष्कळदा हीच फोलपटे असतात. भांडे स्टीलचे घ्यावे. लोखंडी कढईत हाच काढा काळपट पडतो.

या काढ्यात पानाची नक्षी फार देखणी उठते. बाकी महाराष्ट्र जिला कोथिंबीर म्हणतो तो नागपूरचा सांबार इथे कामाला येतो. सांबाराचे एकच कोवळे पान ओले करून कच्च्या अंड्यावर पसरायचे, त्याची प्रत्येक कातर बोटाने चेपून बसवायची, आणि वरून जुन्या मलमलीचा तुकडा ताणून मागे दोऱ्याने गच्च आवळायचा. कापडाला सुरकुती राहिली तर तिचीही रेघ उमटते. गाठोडे थंड काढ्यात सोडून मंद आचेवर उकळी येऊ द्यायची आणि पुढे दहा-बारा मिनिटे उकडायचे. कापड सोडल्यावर विटकरी जमिनीवर पांढऱ्या पानाचा ठसा दिसतो, देठासकट. मेथीचे पान जाड असल्याने कडा सोडते, म्हणून पहिल्या खेपेला सांबारच बरा.

हळदीला काही शिकवावे लागत नाही. दोन-तीन चमचे पूड पेलाभर पाण्यात उकळून, व्हिनेगर घालून, गाळून घ्यायची. गाळली नाही तर अंड्यावर पुडीचे ठिपके बसतात. हळदीचे अंडे उन्हात ठेवू नये, तिचा पिवळा प्रकाशात विटतो. हेच अंडे पुढे पत्ताकोबीच्या पाण्यात बुडवले की हिरवे होते. हिरव्याची ही खरी वाट. पालक उकळून हिरवा मिळत नाही, कारण पानातला हिरवा रंग पाण्यात उतरतच नाही. घरगुती रंगांच्या याद्यांत पालक तरीही हटकून असतो. यादी करणाऱ्याने तो उकळून पाहिलेला नसतो, एवढाच त्याचा अर्थ.

बीट दिसायला जोरदार, पण त्याचे रंगद्रव्य उष्णतेने मोडते. कच्चे किसून, पिळून, थंड रसातच अंडे ठेवले तर फिकट गुलाबी मिळतो. चहा आणि कॉफीने तपकिरी. गोकर्णाच्या निळ्या फुलांनी निळा, कोबीपेक्षा नाजूक.

पळस स्वयंपाकघरातला नव्हे, तरी नागपुरात त्याला वगळून वसंताच्या रंगांबद्दल लिहिणे बरे दिसणार नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये शहराबाहेर कोणत्याही रस्त्याला लागले की तो पेटलेला दिसतो, आणि होळीला त्याच्या फुलांचे केशरी पाणी करण्याची जुनी चाल आहे. त्या पाण्याचा केशरीपणा सोडा किंवा चुना घातल्याने खुलतो. अंड्याला मात्र आंबट लागते, आणि आंबटात पळस पिवळ्यावर थांबतो. ईस्टर एप्रिलमध्ये गेला तर ताजी फुलेही संपलेली असतात. होळीच्या वेळी वाळवून ठेवलेली वापरावी.

अंडी आणि ऊन

पांढऱ्या कवचाच्या अंड्यावर रंग खरा दिसतो. तपकिरी गावरान अंड्यावर निळा हिरवटाकडे झुकतो आणि पिवळा जवळजवळ दिसतच नाही. कांद्याचा रंग मात्र गावरानवर महोगनीसारखा चढतो. अंडी आधी पुसून तेलकटपणा काढावा. आठवडाभराची अंडी सोलायला सोपी जातात. ताज्या अंड्याचे कवच पांढऱ्याला चिकटून राहते.

‘रात्रभर रंगात ठेवा’ ही कृती थंड देशांत ओट्यावर चालते. नागपुरात ती फ्रिजमध्येच करायची. उकडलेले अंडे खोलीच्या तापमानाला दोन तासांच्या वर ठेवू नये आणि बाहेर ३२ अंशांच्या पुढे गेले तर एकच तास, असा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य दंडक आहे. एप्रिलात इथला पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा कूलरच्या गारव्यावर विसंबण्यात अर्थ नाही. मुलांनी अंगणात लपवलेली अंडी शोधायची असतील, तर ती आधी पोकळ करून घ्यावीत: दोन्ही टोकांना दाभणाने भोके पाडून, आतला ऐवज फुंकून वाटीत काढायचा आणि कवच धुऊन वाळवायचे. वाटीतल्याची भुर्जी होते. पोकळ कवच पाण्यावर तरंगते, म्हणून रंगवताना वरून बशी दाबावी लागते.

वाळलेल्या अंड्यावर बोटभर तेल चोळले की रंग उजळतो. सोललेली अंडी दुपारी सावजी रश्श्यात पडतात. कवचाला कुठे तडा गेला असेल तर तिथून रंग आत झिरपलेला असतो आणि पांढऱ्यावर निळ्या रेघांचे जाळे उमटलेले दिसते. रंग खाण्याच्या जिनसांचाच असल्याने ते खायला हरकत नसते. तरीही ताटात सगळ्यांत आधी उचलले जाते ते तेच अंडे.