कृष्णा-गोदावरी खोऱ्यात नवा साठवण तलाव: पाणी उपलब्धता प्रमाणपत्राची वाट

जागा चांगली आहे, नाल्याला पाणी आहे, गाव जमीन द्यायला तयार आहे. तरीही प्रस्ताव परत येतो. कारण बहुतेक वेळा एकच असते: त्या उपखोऱ्यात (उपनदीच्या पाणलोटात) महाराष्ट्राच्या वाट्याचे पाणी आधीच कागदोपत्री संपलेले असते.

प्रस्ताव कोण करू शकते? खाजगी व्यक्ती नाही. ग्रामसभेचा ठराव घेऊन मागणी करायची. पुढचा प्रस्ताव शासकीय यंत्रणाच तयार करते. १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमता असेल तर जिल्हा परिषद, १०१ ते ६०० हेक्टरसाठी मृद व जलसंधारण विभाग, त्यावर जलसंपदा विभागाचे पाटबंधारे विकास महामंडळ. वैयक्तिक शेततळ्याला हा रस्ता लागत नाही.

कार्यकारी अभियंत्याकडून वरिष्ठ कार्यालयांमार्फत प्रस्ताव नाशिकच्या मुख्य अभियंता, नियोजन व जलविज्ञान यांच्याकडे जातो. पाणी उपलब्धता प्रमाणपत्र, म्हणजे त्या जागी प्रकल्पापुरते पाणी शिल्लक असल्याचा दाखला, तिथून मिळते, आणि ते हातात आल्याशिवाय अंदाजपत्रकावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

कागदपत्रे: धरणस्थळ दाखवलेला सर्वेक्षण विभागाचा नकाशा, अक्षांश-रेखांश, पाणलोट क्षेत्राचा नकाशा, जवळच्या पर्जन्यमापक केंद्रांची आकडेवारी, तलांक (पाण्याची पातळी)-क्षेत्रफळ-साठा तक्ता, सिंचन, पिण्याचे पाणी व उद्योग असा वापराचा तपशील, बाष्पीभवनाचा हिशेब. सर्वांत महत्त्वाची म्हणजे वरच्या व खालच्या बाजूच्या पूर्ण, बांधकामाधीन आणि प्रस्तावित प्रकल्पांची यादी. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आणि पाझर तलाव नेमके या यादीत लिहायचे राहून जातात. वरच्या तलावाने अडवलेले पाणलोट क्षेत्र वजा केले नाही, तर येवा (तलावात येणारे पाणी) कागदावर फुगतो आणि छाननीत प्रकरण अडकते.

लवादाचा हिशेब. लवाद म्हणजे राज्यांमध्ये नदीचे पाणी वाटून देणारे न्यायाधिकरण. सिंचनासाठी पाणी साधारणपणे ७५ टक्के विश्वासार्हतेने धरतात, म्हणजे शंभरातल्या ७५ वर्षांत किमान तेवढे मिळेल असे. कृष्णा खोऱ्यात बच्छावत लवादाने याच पायावर महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) दिले. पुनरुद्भवाचे, म्हणजे वापरानंतर झिरपून नदीत परत येणारे, पाणी धरून ते ५८५ होते. २०१०च्या दुसऱ्या लवादाचा ६६६ टीएमसी हा आकडा प्रस्तावात टाकू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११च्या आदेशामुळे तो निवाडा राजपत्रात प्रसिद्ध झाला नाही.

पुढचा भाग फारसा कोणी वाचत नाही, पण नियोजनाची चावी तिथेच आहे. बच्छावत निवाड्यानुसार धरणात पाणी साठवणे म्हणजे वापर नव्हे. बाष्पीभवन आणि प्रत्यक्ष उचललेले पाणी मोजले जाते. तेही सारखे नाही. सिंचनाला दिलेले पाणी १०० टक्के, खोऱ्यातल्या घरगुती व नगरपालिका पुरवठ्याचे २० टक्के, उद्योगाचे अडीच टक्के. म्हणून १ दलघमी (दशलक्ष घनमीटर; १ टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी) पिण्यासाठी उचलले तर वाट्यातून ०.२ दलघमीच खर्ची पडतात. सिंचनाच्या प्रस्तावाला जागा नसलेल्या उपखोऱ्यात पिण्याच्या पाण्याचा तलाव बसू शकतो, तो यामुळे. वापर खोऱ्याबाहेर असेल तर मात्र पुन्हा १०० टक्के.

एकूण वाट्याच्या आत उपखोऱ्यांचे कप्पेही आहेत. घटप्रभा उपखोऱ्यात महाराष्ट्राला वर्षाला ७ टीएमसीपेक्षा जास्त वापरता येत नाही. आजरा, चंदगडकडे धो-धो पाऊस पडतो. तिथल्या प्रस्तावाला पावसाआधी ही मर्यादा पाहावी लागते.

गोदावरीत वेगळे आहे. १९८०च्या निवाड्याने पैठणपर्यंतचे आणि पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरणापर्यंतचे सगळे पाणी महाराष्ट्राला दिले. त्याखाली तेलंगणातल्या पोचमपाड धरणापर्यंत नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसी. पैठणच्या वर शेजारी राज्याचा प्रश्न नसला तरी नाशिक-नगर आणि मराठवाडा यांचा आहेच. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा १९ सप्टेंबर २०१४चा समन्यायी वाटपाचा आदेश तिथे आडवा येतो.

जागा शेजारी राज्याच्या जलाशयाच्या फुगवट्यात असेल, तर वाटा शिल्लक असूनही भागत नाही. पोचमपाडच्या फुगवट्यातला बाभळी बंधारा महाराष्ट्राच्याच हद्दीत, साठा २.७४ टीएमसी, पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालाने १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवावे लागतात आणि १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडावे लागते. अशा ठिकाणी पावसाळ्यात साठा धरून केलेले नियोजन कोलमडते.

मोठे व मध्यम आंतरराज्य प्रकल्प, म्हणजे २,००० हेक्टरपेक्षा जास्त लाभक्षेत्राचे, पुढे केंद्रीय जल आयोगाच्या तपासणीला जातात. ते टाळण्यासाठी योजनेचे तुकडे करू नयेत. उपखोऱ्याच्या बेरजेत सगळे तुकडे पुन्हा एकत्र येतात.