अपंगत्व आणि मानवी क्षमता

शरीरातील किंवा मनाच्या कार्यातील फरक आणि भोवतालचे जग यांचा मेळ न बसल्याने माणसाच्या जगण्यात येणारा अडथळा म्हणजे अपंगत्व, अशी या संकल्पनेची आजची सर्वसाधारण मांडणी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती तशी नव्हती. अपंगत्व हा व्यक्तीच्या शरीरातला दोष मानला जाई. तो डॉक्टरांनी बरा करायचा आणि बरा न झाल्यास त्या व्यक्तीने व तिच्या घरच्यांनी मुकाट्याने सोसायचा. ही समजूत बदलली ती अपंग माणसांच्या चळवळींमुळे, त्यांच्या भाषांना व संस्कृतींना मिळालेल्या मान्यतेमुळे आणि तंत्रज्ञानामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी माणसे, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या सुमारे १६ टक्के, लक्षणीय अपंगत्वासह जगत आहेत. म्हणून ही संकल्पना कशी ठरते, कोण ठरवते, हा मूठभरांपुरता प्रश्न राहत नाही.

अपंगत्वाची सीमारेषा किती सरकती आहे, हे चष्म्यावरून सहज कळते. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत चष्मे बनू लागले, ते जवळचे न दिसणाऱ्यांना वाचता यावे म्हणून. पुढे दूरचे न दिसणाऱ्यांचीही सोय झाली. आज चष्मा लावणाऱ्याला कोणी अपंग म्हणत नाही. त्याची नजर अधूच असते, पण साधन सर्वत्र मिळते, ते लावण्यात कमीपणा वाटत नाही आणि शाळा, कचेऱ्या व रस्ते चष्मेवाल्यांना गृहीत धरूनच बांधलेले असतात. श्रवणयंत्राच्या किंवा व्हीलचेअरच्या वाट्याला हे भाग्य अजून आलेले नाही.

सरासरी माणसाची कल्पना

‘नॉर्मल’ माणूस ही कल्पना वाटते तितकी जुनी नाही. बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अदॉल्फ केतले यांनी १८३५ मध्ये ‘सरासरी माणूस’ मांडला. हजारो शरीरांच्या मोजमापांतून निघणारा हा मध्यबिंदू केतले यांच्या दृष्टीने आदर्शही होता. सरासरी आणि आदर्श यांची ही गल्लत पुढे फार महागात पडली. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८३ मध्ये सुप्रजननशास्त्राला नाव दिले आणि ‘कमी प्रतीच्या’ माणसांची संतती रोखावी, या विचाराला विज्ञानाचा मुलामा मिळाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये बक विरुद्ध बेल या खटल्यात सक्तीची नसबंदी वैध ठरवली. जर्मनीत १९३३ मध्ये नसबंदीचा कायदा झाला आणि १९३९ पासून नाझी राजवटीने संस्थांत राहणाऱ्या अपंग व मनोरुग्ण माणसांच्या पद्धतशीर हत्या सुरू केल्या. क्षमतेच्या मोजमापाचा इतिहास सांगताना हा भाग वगळता येत नाही. मोजपट्टी कोणाच्या हाती आहे, याकडे अपंग कार्यकर्ते आजही बारकाईने लक्ष ठेवतात ते यामुळेच.

सामाजिक प्रतिमान

ब्रिटनमधील ‘युनियन ऑफ द फिजिकली इम्पेअर्ड अगेन्स्ट सेग्रिगेशन’ या अपंगांच्या संघटनेने १९७६ मध्ये आपली मूलतत्त्वे प्रसिद्ध केली. शरीरातील उणीव वेगळी आणि समाजाने लादलेले अपंगत्व वेगळे, हा भेद त्यात स्पष्ट होता. समाजशास्त्रज्ञ माइक ऑलिव्हर यांनी १९८३ मध्ये या विचाराला ‘सामाजिक प्रतिमान’ हे नाव दिले. पायऱ्या चढता न येणे ही शरीराची स्थिती आहे. इमारतीला फक्त पायऱ्याच ठेवणे हा बांधणाऱ्याचा निर्णय आहे.

अमेरिकेत हाच विचार आधी कृतीत उतरला होता. पोलिओमुळे मानेखालचे बहुतेक शरीर लुळे पडलेले आणि रात्री ‘आयर्न लंग’ या श्वसनयंत्रात झोपणारे एड रॉबर्ट्स १९६२ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाले. तेथील अपंग विद्यार्थ्यांच्या गटातून १९७२ मध्ये ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ उभे राहिले. आपली सगळी कामे स्वतःच्या हातांनी करणे म्हणजे स्वावलंबन, ही समजूत या चळवळीने मोडून काढली. मदतनीस कोण असेल, तो केव्हा येईल आणि काय करेल हे आपण ठरवणे, हे तिचे स्वावलंबन होते. अपंगांशी भेदभावाला मनाई करणारे नियम लागू व्हावेत यासाठी १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी इमारतीत शंभराहून अधिक अपंग आंदोलक तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ ठाण मांडून बसले. पदपथाच्या कडेला उतार करण्याची मागणीही याच चळवळीने लावून धरली. ते उतार झाल्यावर बाबागाड्या ढकलणारे, हातगाड्या ओढणारे आणि चाकांच्या बॅगा नेणारे सगळेच ते वापरू लागले.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये आपले वर्गीकरण बदलले आणि शरीर, कृती, सहभाग व परिस्थिती यांचा एकत्र विचार करणारी चौकट स्वीकारली. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार २००६ मध्ये संमत झाला आणि २००८ मध्ये अमलात आला. त्याच्या मसुद्यात अपंगांच्या संघटनांचा थेट सहभाग होता.

सामाजिक प्रतिमानावर आक्षेपही आहेत, आणि ते मुख्यतः अपंग विचारवंतांनीच घेतलेले आहेत. सततची वेदना, थकवा, वाढत जाणारा आजार यांवर रॅम्प हा उपाय नाही. शरीराचा त्रास बोलून दाखवला की चळवळीचा मुद्दा कमकुवत होतो, असे वाटून अनेकांनी तो गिळला, हे खरे आहे. अमर्त्य सेन यांच्या क्षमताविषयक मांडणीने यातून एक वाट दिली. दोन माणसांना सारखे उत्पन्न असले तरी त्यांतल्या अपंग माणसाला तेवढेच आयुष्य जगायला जास्त खर्च येतो. म्हणून माणसापाशी काय आहे यापेक्षा त्याला प्रत्यक्षात काय करता येते आणि काय होता येते, हे पाहावे, असे ही मांडणी सांगते.

कर्णबधिरांची भाषा आणि शस्त्रक्रिया

संस्कृती आणि तंत्रज्ञान यांची सर्वांत तीव्र टक्कर कर्णबधिरांच्या बाबतीत झाली. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्याजवळील मार्थाज व्हिनयार्ड बेटावर अनुवंशिक बहिरेपण पिढ्यान्‌पिढ्या होते. चिलमार्क या गावात एकोणिसाव्या शतकात साधारण पंचवीस माणसांमागे एक जण बहिरा होता. तेथे ऐकू येणारेही लहानपणापासून हातांची भाषा शिकत. बहिरी माणसे मासेमारी करत, शेती करत, ऐकू येणाऱ्यांशी लग्ने करत. बेटावरील बहिऱ्यांच्या कानांत मुख्य भूमीवरच्या बहिऱ्यांपेक्षा वेगळे काहीच नव्हते. तरीही त्यांचे आयुष्य वेगळे होते, कारण शेजाऱ्यांना त्यांची भाषा येत होती. इतके स्वच्छ उदाहरण इतिहासात क्वचितच सापडते.

उलट दिशेचा निर्णय १८८० मध्ये मिलान येथील शिक्षकांच्या परिषदेने घेतला. बहिऱ्या मुलांना फक्त ओठांवरून समजून घ्यायला आणि तोंडाने बोलायला शिकवावे, हातांची भाषा वर्गाबाहेर ठेवावी, असा ठराव तिने केला. मत देणाऱ्यांत कर्णबधिर शिक्षक जवळजवळ नव्हते. त्यानंतर अनेक देशांत हातवारे केले म्हणून मुलांना शिक्षा झाल्या. सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे, ती बोलीभाषेची नक्कल नाही, हे भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये अमेरिकी सांकेतिक भाषेच्या अभ्यासातून दाखवले. निकाराग्वात तर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून नव्या शाळांत एकत्र आलेल्या बहिऱ्या मुलांनी मैदानात आणि बसमध्ये आपापसांत एक नवी भाषाच घडवली, आणि भाषाशास्त्रज्ञांना एका भाषेचा जन्म डोळ्यांदेखत पाहता आला. १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या, कर्णबधिरांसाठी असलेल्या गॅलॉडेट विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी आंदोलन करून पहिला कर्णबधिर अध्यक्ष मिळवला.

याच काळात कॉक्लिअर इम्प्लांट आले. हे साधन आवाज मोठा करत नाही. बाहेरचा प्रक्रियक ध्वनीचे विद्युत्‌संकेतांत रूपांतर करतो आणि अंतर्कर्णात बसवलेल्या इलेक्ट्रोडद्वारे ते थेट श्रवणतंतूंपर्यंत पोहोचवतो. अमेरिकेत १९८४ मध्ये प्रौढांसाठी आणि १९९० मध्ये दोन वर्षांवरील मुलांसाठी त्याला मान्यता मिळाली. तेथील कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९१ मध्ये मुलांवरील या शस्त्रक्रियेला कडाडून विरोध केला. २००० मध्ये तिची भूमिका बरीच सौम्य झाली. बहिऱ्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात, आणि शस्त्रक्रिया लवकर केली तर तिचा उपयोग जास्त होतो. त्यामुळे मूल स्वतः ठरवू शकण्याआधीच पालकांना निर्णय घ्यावा लागतो. दोन्ही बाजूंची कळकळ खरी आहे. पण इम्प्लांट बसवले म्हणून मुलाला सांकेतिक भाषेपासून दूर ठेवणे मात्र समर्थनीय नाही. यंत्राचा लाभ प्रत्येक मुलाला सारखा होत नाही, आणि भाषा शिकण्याची सुरुवातीची वर्षे रिकामी गेली तर ती भरून काढणे फार कठीण असते.

साधने कोणी घडवायची

लुई ब्रेल यांनी पंधरा-सोळा वर्षांच्या वयात आपली ठिपक्यांची लिपी तयार केली आणि १८२९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. डोळस शिक्षकांना उठावाची रोमन अक्षरे बरी वाटत, कारण ती त्यांना स्वतःला वाचता येत. बोटांना ती जड जात. ब्रेल १८५२ मध्ये वारले आणि फ्रान्समध्ये त्यांच्या लिपीला अधिकृत मान्यता मिळाली १८५४ मध्ये. रॉबर्ट वाइटब्रेख्ट या कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात टेलिफोनच्या तारेवरून टंकलिखित संभाषण शक्य करणारे उपकरण बनवले. आज साऱ्या जगाला लिहून गप्पा मारण्याची सवय आहे. ती सोय कर्णबधिरांनी कितीतरी आधी वापरली होती. रे कर्झवाइल यांचे छापील मजकूर मोठ्याने वाचणारे यंत्र १९७६ मध्ये आले, आणि २००९ मध्ये आयफोनमध्ये पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय, अंगभूत आला तेव्हा स्पर्शपडद्याचा गुळगुळीत फोन अंध माणसालाही तितकाच वापरता येऊ लागला. वेगळे, महाग यंत्र घ्यावे लागले नाही, हा त्यातला मोठा फरक.

दुसऱ्यांनी ठरवलेली साधने पुष्कळदा फसली. थॅलिडोमाइड या औषधामुळे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून जगभरात दहा हजारांहून अधिक मुले हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. ब्रिटनमध्ये त्यांतल्या अनेकांना दाबाखालच्या वायूवर चालणारे कृत्रिम हात बसवले गेले. ते जड होते, आणि मुलांना पायांनी लिहिणे, खाणे, खेळणे आधीच छान जमत होते. मुलांनी ते हात काढून ठेवले. त्या हातांमुळे मूल इतरांसारखे दिसत होते. पण त्याला अधिक काही करता येत नव्हते.

जयपूर फूटची गोष्ट याच्या उलट आहे. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६० च्या दशकात घडवलेल्या या पायाने अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, मांडी घालता येते. पाश्चात्त्य कृत्रिम पाय बूट आणि खुर्ची गृहीत धरून बनले होते. साधनाच्या रचनेत एक जीवनपद्धती दडलेली असते, हे या पायाइतके क्वचितच दुसऱ्या कशाने दाखवले असेल.

खेळाचे मैदान

डॉ. लुडविग गुटमान यांनी २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात मज्जारज्जूला इजा झालेल्या १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. त्यातून १९६० मध्ये रोमपासून पॅरालिंपिक सुरू झाले. कार्बन तंतूंच्या धावपात्या, म्हणजे धावण्यासाठीचे पात्यासारखे कृत्रिम पाय, आल्यावर मात्र प्रश्न उलटा फिरला. दोन्ही पाय गुडघ्याखाली नसलेले धावपटू ऑस्कर पिस्टोरियस यांच्यावर जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने २००८ मध्ये बंदी घातली, ती पात्यांमुळे अवाजवी फायदा मिळतो या कारणावरून. क्रीडा लवादाने ती त्याच वर्षी उठवली आणि २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये ते ४०० मीटरच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले. तसेच दोन्ही पाय नसलेले अमेरिकी धावपटू ब्लेक लीपर यांच्या बाबतीत २०२० मध्ये निकाल विरुद्ध गेला, कारण कृत्रिम पायांमुळे त्यांची उंची नैसर्गिक उंचीपेक्षा जास्त होते, असे लवादाला वाटले. एक पाय नसलेले जर्मन खेळाडू मार्कुस रेम यांनी २०२३ मध्ये ८.७२ मीटर लांब उडी मारली. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकचे सुवर्णपदक ८.४८ मीटरला मिळाले. अपंग खेळाडू मागे असतो तोवर त्याचे कौतुक होते, तो बरोबरीला आला की त्याच्या पायाची तपासणी सुरू होते. ही तपासणी निरर्थक नाही, पण ‘नैसर्गिक’ शरीर कुठपर्यंत, याचे उत्तर देताना सर्वच क्रीडा संघटना चाचपडत आहेत.

शरीरातले यंत्र आणि त्याची मालकी

स्टीफन हॉकिंग यांचा आवाज १९८५ मधील श्वासनलिकेवरील शस्त्रक्रियेनंतर गेला. पुढे त्यांनी वापरलेला संगणकीय आवाज यांत्रिक आणि अमेरिकी ढंगाचा होता. कितीतरी चांगले आवाज उपलब्ध झाल्यावरही त्यांनी तो बदलला नाही, कारण तो आता त्यांचाच आवाज झाला होता. मेंदूत इलेक्ट्रोड बसवून केवळ विचाराने संगणकाचा कर्सर हलवण्याचे प्रयोग १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून माणसांवर होत आहेत, आणि न्यूरालिंक कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये पहिले मानवी रोपण केले. गमावलेली क्षमता परत देणे आणि असलेली क्षमता वाढवणे यांतली रेषा अशा साधनांमुळे पुसट होते.

आर्गस-२ या कृत्रिम दृष्टिपटलाने मात्र एक वेगळाच धोका समोर आणला. सेकंड साइट कंपनीने बनवलेले हे रोपण जगभरात साडेतीनशेहून अधिक अंध व्यक्तींना बसवले गेले. कंपनीने २०१९ मध्ये त्याचे उत्पादन थांबवले आणि २०२० मध्ये ती आर्थिक अडचणीत सापडली. दुरुस्ती, सुटे भाग, सुधारणा सगळे बंद झाले. यंत्र डोळ्यात तसेच राहिले. जे साधन शरीराचा भाग होते त्याची जबाबदारी कंपनीच्या ताळेबंदावर सोडता येईल का, हा कायद्याचा प्रश्न आहे आणि बहुतेक देशांत तो अनुत्तरित आहे.

स्वयंचलित प्रणालींमध्ये केतले यांची सरासरी नव्या रूपात परतली आहे. बहुसंख्यांच्या उच्चारांवर शिकवलेली वाणी-ओळख प्रणाली अडखळत किंवा अस्पष्ट बोलणाऱ्याला समजून घेत नाही. चेहऱ्यावरचे भाव आणि नजर पारखून उमेदवार निवडणाऱ्या प्रणालीत स्वमग्न व्यक्ती मागे पडण्याचा धोका असतो. मेंदूंची विविधता हा मानवी विविधतेचाच भाग आहे, हा विचार १९९० च्या दशकात स्वमग्न व्यक्तींच्या समूहांतूनच पुढे आला, आणि आज या प्रणालींच्या चाचण्यांत आपल्याला सामील करून घ्यावे ही मागणीही तेथूनच येते.

उपलब्धता

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात २५० कोटींहून अधिक लोकांना चष्मा, श्रवणयंत्र, व्हीलचेअर, संवादसाधने अशा किमान एका सहाय्यक साधनाची गरज आहे. श्रीमंत देशांत ही गरज बव्हंशी भागते. काही गरीब देशांत ती जेमतेम ३ टक्के लोकांची भागते. लोकसंख्येचे वय वाढत असल्याने २०५० पर्यंत हा आकडा ३५० कोटींवर जाईल, असा अंदाज आहे. या वाढीचा मोठा भाग वृद्धांचा असेल, आणि त्यांना लागणारी बरीचशी साधने आजच माहीत आहेत: वेळेवर मिळणारी बॅटरी, अंगाला बेतलेली आणि गावात दुरुस्त होणारी व्हीलचेअर, ती वापरायला शिकवणारा प्रशिक्षित माणूस.