अंगावरून वारं गेल्यावरही निरोप निघत असतो

सोलापूरच्या पूर्व भागात एका घरी मी आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीचे व्यायाम द्यायला जाते. घरातल्या अक्कांचं सगळं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. मांडीवर सूप, साच्याच्या मापाने कात्रीने कापलेलं पान, तंबाखूची चिमूट, अंगठा आणि तर्जनीत गुंडाळी, टोक मुडपलं की दोरा. दिवसाला हजार विड्या. सात महिन्यांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात पडला. खांदा थोडा हलतो, कोपर थोडं, पण बोटं मिटलेली ती मिटलेलीच. पहिल्या आठवड्यात त्या हाताकडे बघत म्हणाल्या, "मी सांगतेय त्याला मॅडम. ऐकतच नाही बघा."

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. उजव्या हाताचा हुकूम मेंदूच्या डाव्या बाजूच्या वरच्या थरातून निघतो आणि आत खोलवर एका अरुंद पट्ट्यातून मणक्याकडे उतरतो. अक्कांच्या स्कॅनमध्ये रक्ताच्या गुठळीने मारलेली जागा त्या पट्ट्यातच आहे. हुकूम देणारा थर जवळजवळ शाबूत आहे. म्हणजे निरोप निघतो, पण वाटेत रस्ता खचलाय. जो निरोप हातापर्यंत पोचत नाही, तो निघताक्षणीच डोक्यावरून ऐकता आला तर? मेंदूचे संकेत संगणकाने टिपायचे, याला मेंदू-संगणक जोडणी म्हणतात. पुनर्वसनातलं, म्हणजे गेलेली हालचाल परत आणण्यातलं, तिचं बरंचसं संशोधन या एका प्रश्नाभोवती फिरतं.

मेंदूतली वीज कवटीबाहेरून मोजता येते, हे जर्मनीतल्या हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये पाहिलं आणि 1929 मध्ये प्रसिद्ध केलं. आपण त्यालाच ईईजी म्हणतो. डोक्यावर टोपी, टोपीत धातूच्या चकत्या, चकतीखाली जेल. मिळणारी वीज इतकी बारीक, की टॉर्चच्या एका सेलचा दाब 50,000 ठिकाणी वाटला तर एका वाट्याला येईल तेवढी. शिवाय घरातल्या वायरिंगची 50 हर्ट्झची घरघर त्यात मिसळते, आणि रुग्णाने नुसता जबडा आवळला तरी रेघ उसळते.

इतक्या अंधूक आवाजातून काय कळणार? लूमच्या शेडबाहेर उभं राहून आत कुठल्या मागावर धागा तुटला ते सांगता येत नाही. पण शेड चालू आहे की बंद, हे नक्की सांगता येतं. ईईजीचं तसंच आहे. ते मनातले विचार वाचत नाही. पण हात हलवण्याची तयारी सुरू झाली का, एवढं त्याला कळू शकतं.

आणि ते कळतं ते मात्र उलट्या खुणेने. हात निवांत असतो तेव्हा त्याच्या भागातल्या पेशी सेकंदाला साधारण 8 ते 13 वेळा एका ठेक्यात धडधडतात. भजनात सगळे एकत्र टाळ्या वाजवतात तेव्हा ठेका देवळाबाहेर ऐकू येतो. भजन संपून जो तो कामाला लागला की माणसं तीच असतात, पण ठेका मोडतो. पेशींचंही असंच होतं. हलवायचं मनात आलं की ठेका मोडतो आणि ईईजीची रेघ खाली बसते. ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे गर्ट फुर्टशेलर यांनी 1970च्या दशकापासून या खुणेचा पाठपुरावा केला. हात प्रत्यक्ष हलला नाही, नुसती हलवण्याची कल्पना केली, तरी ठेका मोडतो. अक्कांसारख्यांसाठी सगळी आशा या शेवटच्या गोष्टीत आहे.

आता टोपी संगणकाला जोडा आणि संगणक हातात घातलेल्या यांत्रिक हातमोज्याला. रुग्ण मनात म्हणतो, "उघड." ठेका मोडल्याचं संगणकाला कळतं, आणि हातमोजा बोटं उघडतो. ऐकणाऱ्याला वाटतं, यात काय विशेष? बोटं तर यंत्रानेच उघडली. मलाही आधी असंच वाटलं होतं. माझं मत बदललं ते जर्मनीतल्या ट्युबिंगेनमधल्या एका प्रयोगामुळे.

2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पक्षाघाताच्या झटक्याला बराच काळ उलटलेले, हाताची बोटं जवळजवळ न हलणारे 32 रुग्ण होते. त्यांचे दोन गट केले. यंत्र दोन्ही गटांना तेच, टोपी तीच, नंतरची फिजिओथेरपीही तीच. फरक एवढाच, की एका गटात हलवण्याचा हेतू मेंदूत उमटला की यंत्र हात हलवायचं, आणि दुसऱ्या गटात यंत्र मनाला येईल तेव्हा हलवायचं. आपण कुठल्या गटात आहोत हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. शेवटी पहिल्या गटाच्या हाताच्या हालचालीचे गुण सरासरी साडेतीनच्या आसपास वाढले. दुसऱ्या गटात तशी वाढ झाली नाही.

साडेतीन गुण म्हणजे काही चमत्कार नाही, तेवढ्यावर कोणी पुन्हा विड्या वळायला बसणार नाही. पण हात दोन्ही गटांचे हललेच होते, आणि फरक पडला तो फक्त वेळेने. निरोप निघाला आणि लगेच हात हलल्याची जाणीव परत मेंदूत पोचली, की दोघांची गाठ बसते. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी 1949 मध्ये मांडलं होतं, की एक पेशी दुसरीला पुन्हा पुन्हा चेतवत राहिली तर त्यांच्यातला दुवा बळकट होतो. गाठ चुकीच्या वेळी मारली तर बसत नाही. खचलेल्या रस्त्याच्या कडेने उरलेल्या पायवाटा वापरात आणायच्या, तर त्यांच्यावरून निरोप आणि उत्तर दोन्ही वेळेत जायला हवीत.

स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या संशोधकांनी मोज्याऐवजी हातावरच्या स्नायूंना वीज दिली. आम्ही ज्याला करंट लावणं म्हणतो, तेच. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 27 रुग्ण होते. तोच करंट मेंदूच्या हेतूशी जोडून दिला तेव्हा फायदा झाला आणि उपचार थांबल्यावर सहा ते बारा महिन्यांनीही टिकला. हेतूशी न जोडता दिलेल्या करंटने तेवढं साधलं नाही. इथे मात्र मला माझ्याच कामाबद्दल विचार करावा लागला. मशीन लावायचं, वीस मिनिटांचा टायमर फिरवायचा आणि रुग्ण तेवढा वेळ टीव्ही बघतोय, हे दृश्य आमच्या क्षेत्रात किती नेहमीचं आहे!

बातम्यांत दिसतात ते मेंदूत बसवलेले चिप वेगळ्या वाटेचे आहेत. अमेरिकेतल्या ब्रेनगेट प्रकल्पात मेंदूच्या पृष्ठभागात 96 सुयांची, बाळाच्या नखाएवढी पट्टी बसवतात. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात, झटक्यामुळे 15 वर्षं हातपाय हलवू न शकलेल्या एका बाईंनी नुसत्या विचाराने यांत्रिक हाताकडून कॉफीची बाटली उचलवून घेतली. मी ते चित्रण पाहिलंय, त्या बाईंचं हसू विसरता येत नाही. पण तिथे यंत्र हाताची जागा घेतं. पुनर्वसनात आपल्याला यंत्र काही महिन्यांनी काढून ठेवायचं असतं.

असं एक उपकरण, इप्सीहँड, अमेरिकेतल्या औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या एफडीएने 2021 मध्ये झटक्याला सहा महिने उलटलेल्या प्रौढांसाठी मंजूर केलं. ते मेंदूच्या न दुखावलेल्या बाजूचे संकेत वापरतं. आपल्याकडे आयआयटी कानपूरमध्ये आशिष दत्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर आयर्लंडमधल्या अल्स्टर विद्यापीठाच्या साथीने बोटं हलवणारा असाच यांत्रिक पंजा तयार केला आहे. अडचणीही आहेत. काही जणांचा ठेका कितीही सराव केला तरी यंत्राला नीट पकडताच येत नाही. जेल, टोपी, प्रत्येक बैठकीची जुळवाजुळव यांत बराच वेळ जातो. जिथे व्यायामासाठी रिक्षाचे पैसे मोजून द्यावे लागतात, तिथे हे यंत्र कधी पोचेल ते सांगवत नाही.

आणि एक गोष्ट कुठल्याही टोपीपेक्षा मोठी आहे. तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं, तर त्याच मिनिटाला मोठ्या दवाखान्यात न्यायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. आधी मालिश, आधी झाडपाला, मग बघू, असं करत माणसं सकाळची संध्याकाळ करतात, आणि मग आमच्याकडे येतात.

अक्कांकडे टोपी नाही. एक आरसा आहे, तोही कपाटाच्या दाराचा निघालेला. तो दोन हातांच्या मधे उभा करतो, आजारी हात मागे झाकतो. चांगल्या डाव्या हाताची बोटं त्या उघडतात-मिटतात आणि आरशात उजवा हातच हलताना दिसतो. झटक्यानंतरच्या हातासाठी आरशाच्या व्यायामाचा उपयोग होतो, हे बऱ्याच चाचण्यांत दिसलंय. दुसरा बदल माझा स्वतःचा. पूर्वी मी त्यांचा हात धरून मोजत मोजत वर-खाली करायचे आणि त्या सुनेशी बोलत असायच्या. आता मी हात धरून थांबते. त्यांनी डोळे हाताकडे लावायचे, मनात सांगायचं, आणि मगच मी बोटं उघडायची. वीस वेळा करायला आता तिप्पट वेळ लागतो आणि त्या घामाघूम होतात.

परवा मला पुढच्या घरी जायची घाई होती. अकराव्या वेळी मी न थांबता बोटं उघडायला घेतली, तर त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

"थांबा मॅडम. अजून सांगितलं नाही त्याला."