हैतीतले गुलाम जिंकले, शेजारचे का हरले?

१७९५च्या ऑगस्टमध्ये कॅरिबियनमधल्या कुरासाव बेटावर तुला या गुलामाने डच मळेवाल्यांविरुद्ध बंड केलं. ऑक्टोबरात त्याला हालहाल करून मारलं. १८०० साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियात गेब्रिएल या गुलामाचा कट उठावाआधीच फुटला. हिंमत कुठेच कमी नव्हती. तरी त्या क्रांतिकाळात गुलामांनी लढून स्वतःचं राष्ट्र उभारलं ते फक्त सां-दोमिंगमध्ये, म्हणजे आजच्या हैतीत.

फ्रान्सची ही सर्वांत श्रीमंत वसाहत. युरोपात खपणारी सुमारे ४० टक्के साखर आणि निम्म्याहून अधिक कॉफी इथली. १७८९च्या सुमारास गुलाम जवळपास ५ लाख, गोरे ४० हजारांच्या आत. हंगामात चरक रात्रंदिवस चालत. ऊस घालताना डुलकी लागून कुणाचा हात चरकाच्या रुळांत सापडला, तर तो तिथल्या तिथे तोडायला कोयता चरकापाशीच ठेवलेला असे. माणसं इतक्या झपाट्याने मरत की मालकांना आफ्रिकेतून सतत नवी आणावी लागत. म्हणून निम्म्याहून अधिक गुलाम आफ्रिकेतच जन्मलेले होते, आणि काँगोच्या यादवीत लढून, युद्धकैदी होऊन विकले गेलेले त्यांत कितीतरी. मळेवाल्यांनी पदरचे पैसे मोजून शिपाईच आणले होते म्हणा ना.

पण एवढ्यावर भागत असतं तर जमैकातही भागलं असतं. तिथेही गुलाम गोऱ्यांच्या कैक पटींनी जास्त होते. सां-दोमिंगमध्ये आधी फुटला तो वरचा थर. पॅरिसच्या क्रांतीनंतर बडे मळेवाले, गरीब गोरे, राजाचे अधिकारी आणि मिश्रवंशीय स्वतंत्र लोक एकमेकांच्या उरावर बसले. या मिश्रवंशीयांपैकी अनेकजण स्वतःच गुलाम बाळगून होते! त्यांच्यासाठी हक्क मागणाऱ्या व्हिन्सेंट ओजेला १७९१च्या फेब्रुवारीत चाकावर हाडं मोडून मारण्यात आलं. त्याच वर्षी २२ ऑगस्टच्या रात्री उत्तरेकडचे मळे पेटले. पुढारी बुकमन नोव्हेंबरात पडला, उठाव मात्र विझला नाही.

१७९३त फ्रान्सचं ब्रिटन आणि स्पेनशी युद्ध जुंपलं आणि दोघांचाही डोळा या वसाहतीवर होता. स्पेनने बंडखोरांना शस्त्रं दिली, हुद्दे दिले. फ्रेंच आयुक्त सोंतोनाक्सला लढणारी माणसं हवी होती, म्हणून २९ ऑगस्टला त्याने उत्तर प्रांतात गुलामगिरी रद्द केली. ४ फेब्रुवारी १७९४ला पॅरिसच्या कन्व्हेन्शनने, म्हणजे क्रांतिकारी संसदेने, ती सगळ्या वसाहतींत रद्द ठरवली. याचं श्रेय पॅरिसच्या औदार्याला देणं मला पटत नाही. जे बंदुकीच्या जोरावर आधीच मिळालं होतं, त्यावर शिक्का तेवढा बसला. पूर्वीचा गुलाम आणि बंडखोरांचा सेनानी तुसाँ लुव्हर्तुर स्पेनची बाजू सोडून फ्रान्सकडे आला तो त्याच वर्षी.

खरी कसोटी लागली १८०२त. नेपोलियनने मेहुण्याला, लेक्लेर्कला, वीस हजारांवर फौज देऊन पाठवलं. पुढचं सगळं पिवळ्या तापाच्या खात्यावर मांडायची जुनी सवय आहे. ताप होताच, लेक्लेर्कही त्यानेच गेला. पण तुसाँने फेब्रुवारीतच आपला सरदार देसालीनला लिहिलं होतं की पावसाळा शत्रूचा निकाल लावेल, तोवर जाळपोळ हाच उपाय. म्हणजे ताप त्याने हिशेबात धरला होता. मार्चमध्ये क्रेत-आ-पिएरोच्या वेढ्यात किल्ल्यातून फ्रेंच क्रांतीचीच गाणी ऐकू येऊ लागली, तेव्हा बाहेरचे फ्रेंच शिपाई चपापले. आपण कोणाच्या बाजूने लढतोय, हा प्रश्न त्यांना पडला म्हणतात.

तरीही वसंतात देसालीनसह बहुतेक सरदार फ्रेंचांना जाऊन मिळाले, आणि जूनमध्ये तुसाँला दग्याने पकडून फ्रान्सला नेलं. बाजी उलटली ती ग्वादलूप या फ्रान्सच्याच दुसऱ्या कॅरिबियन वसाहतीतल्या बातमीने. तिथे फ्रेंचांविरुद्ध लढणाऱ्या मिश्रवंशीय अधिकारी देलग्रेसने शरण जाण्याऐवजी मातूबात साथीदारांसह स्वतःला दारूगोळ्याने उडवून घेतलं होतं आणि गुलामगिरी परत येत होती. आता संशयाला जागाच उरली नाही. सरदार फिरले, मिश्रवंशीयही सोबत आले. १८०३च्या मेमध्ये ब्रिटनशी पुन्हा युद्ध पेटलं, फ्रेंचांची समुद्रावरची रसद तुटली. १८ नोव्हेंबरला व्हेर्तिएरच्या लढाईत फ्रेंच हरले आणि १ जानेवारी १८०४ला देसालीनने स्वातंत्र्य जाहीर केलं.

१८१५नंतर युरोपातली युद्धं थांबली, तशी साम्राज्यांना उसंत मिळाली. १८१६त बार्बाडोस आणि १८२३त डेमेरारा या ब्रिटिश वसाहतींतले उठाव पाहता पाहता चिरडले गेले. हैतीचीही सुटका झाली नाही. १८२५त फ्रान्सच्या चार्ल्स दहाव्याने १४ युद्धनौका पाठवल्या, आणि मान्यतेच्या बदल्यात, जुन्या मळेवाल्यांची भरपाई म्हणून, १५ कोटी फ्रँक कबूल करून घेतले.