पार्श्वभूमी : बोरिवलीचं जंगल आणि मुंबईची हवा

ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्यामुळे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पुन्हा बातम्यांत आलं आणि 'मुंबईचं फुप्फुस' हे बिरुदही पाठोपाठ आलं. पण सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल मुळात टिकलं ते हवेसाठी नव्हे, पाण्यासाठी.

एकोणिसाव्या शतकात बेटावरची मुंबई विहिरी-तळ्यांवर भागवत होती. १८६० च्या सुमारास मिठी नदीवर बांधलेल्या विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं, १८७९ मध्ये तुळशी तलावाची भर पडली. पाणलोटात वस्ती आणि गुरं वाढली की पाणी नासणार, म्हणून भोवतालचं रान राखलं गेलं. म्हणजे तलाव आधीचे, राष्ट्रीय उद्यान नंतरचं. शेजारचं आरे तर १९४९ मध्ये दुधासाठी उभं राहिलं. शहरातले तबेले तिकडे हलवायचे होते.

हवेची चर्चा पुढे बरीच वर्षं चेंबूरपुरती असे. रिफायनरी आणि खत कारखान्यामुळे लोक चेंबूरला 'गॅस चेंबर' म्हणत. जंगलाशी हवेची सांगड लोकांच्या तोंडी पक्की बसली ती ऑक्टोबर २०१९ मध्ये. चार तारखेला उच्च न्यायालयाने झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रो-३ च्या कारशेडसाठी आरेत करवती चालल्या. सात तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांहून जास्त झाडं आडवी झाली होती. पुढच्या वर्षी आरेतली सुमारे ८०० एकर जागा राखीव वन करायचं ठरलं. कारशेड कांजूरमार्गला जाऊन परत आरेतच आली, हे वेगळं.

जंगल हवेचं नेमकं करतं काय? बोरिवलीला हायवेलगतच्या झाडाचं पान बोटाने पुसून बघा, बोट काळं होतं. धूळ पानांवर बसते आणि पावसात धुऊन जाते. मात्र मुंबईची हवा बिघडते ती पाऊस सरल्यावर, वारा पडला की. तेव्हा पानांवरची धूळ धुवायला पाऊस नसतो. थंडी सरता सरता साग आणि इतर पानझडी झाडं उघडी पडू लागतात. शिवाय काही झाडं सोडतात ते वायू गाड्यांच्या धुराशी उन्हात मिसळून ओझोन हा जमिनीलगत घातक ठरणारा वायूही तयार होतो. त्यामुळे झाडं लावली की प्रदूषण संपलं, हा हिशेब मला पटत नाही.

गारवा आणि मनाला मिळणारा विसावा मात्र खरा. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधक रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयात पाहिलं, की खिडकीतून झाडं दिसणारे शस्त्रक्रियेचे रुग्ण लवकर घरी जातात आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागतात. 'फॉरेस्ट व्ह्यू' विकणाऱ्या बिल्डरांना हे अभ्यासाविनाच कळलेलं दिसतं.

२०२३ च्या ऑक्टोबरात हवा फारच बिघडली, तेव्हा महापालिकेने नियम काढले ते बांधकामांवर : भोवती उंच पत्रे, हिरवं कापड, पाण्याचे फवारे, राडारोड्याच्या डंपरवर ताडपत्री.