वाखाचं शिल्प आणि पावसाळ्यातला पीळ

पावसात भिजलेल्या दाव्याची गाठ सुटता सुटत नाही, हे गोठ्यात वावरलेल्या कुणालाही ठाऊक असतं. वाखाची शिल्पं बिघडतात ती याच कारणाने.

वाख निघतो घायपातापासून, म्हणजे माण-खटाव आणि जत-आटपाडीकडच्या केकताडापासून. बेंदराला बैलांसाठी नवे कासरे, म्होरक्या घेतात ते पूर्वी याच वाखाचे असत. आता नायलॉनचे जास्त दिसतात. शिल्पकार मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांनी अशाच एका तंतूच्या, सण नावाच्या झाडापासून निघणाऱ्या, रंगवलेल्या दोऱ्यांना माग न वापरता हाताने गाठी मारत माणसापेक्षा उंच आकृती घडवल्या. २०१९ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं.

१०० किलो ओल्या पानांतून जेमतेम ३ ते ४ किलो वाख हाती येतो. पानं कापली की लगेच यंत्रावर खरवडावीत. वाळली तर गर तंतूंना चिकटून बसतो. पाण्यात कुजवून बडवायची जुनी रीतही चालते, पण दिवस जास्त झाले की जिवाणू गराबरोबर तंतूही खाऊ लागतात. बोटांत ताणून पाहावं, कट्कन तुटला तर वेळ निघून गेली. हातमोजे मात्र हवेतच. रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांची खाज सहजी जात नाही.

आता पीळ. प्रत्येक पेड एका दिशेला पिळायचा आणि तीन पेड एकत्र वळायचे ते उलट दिशेला. पेड उलगडू पाहतो तसा दोर आवळला जातो आणि दोर उलगडू पाहतो तसा पेड. दोघं एकमेकांना धरून ठेवतात. यात लांबी खर्ची पडते, १० मीटर दोराला सुमारे १५ मीटर पेड लागतो. दाट गाठींच्या कामात १ मीटर उंचीला ५-६ मीटर दोर सहज जातो. कमी पडला तर मध्येच गाठ मारून जोडू नये, तिथे गाठोडं दिसतं. दोन्ही टोकांचे पेड उसवून एकमेकांत ओवावेत.

तंतू ओला झाला की जाडीने फुगतो, लांबीने जवळजवळ वाढत नाही. जाड झालेल्या दोराभोवती पेडाला वळसा मोठा घ्यावा लागतो, म्हणून दोर आखडतो. म्हसवडच्या कोरड्या उन्हाळ्यात बांधलेलं शिल्प जुलैत महाबळेश्वरच्या भिंतीवर टांगा: गाठी करकचून आवळतील, आकार वर ओढला जाईल, आणि हिवाळ्यात सुकल्यावर तो पहिल्यासारखा बसणार नाही. म्हणून कोरा दोर रात्रभर भिजवून सावलीत वाळवावा. हे दोनदा केलं की दोर आधीच आखडून घेतो.

दुसरा शत्रू बुरशी. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांवर टिकली की ती धरते, आणि गर नीट निघाला नसेल तिथे सगळ्यात आधी. व्हार्निश हा त्यावर उपाय नव्हे. ओल आत कोंडते आणि दोराचा लवचीकपणाही जातो. वारा लागेल असं, भिंतीपासून चार बोटं सुटं टांगावं. खिडकीतलं ऊन मात्र टाळावं, उन्हाने तंतूतलं लिग्निन (तंतूला ताठपणा देणारं द्रव्य) पिवळं पडतं आणि दोर ठिसूळ होतो.

टांगल्यावर शेवटच्या गाठी लगेच पक्क्या करू नयेत. स्वतःच्या वजनाने दोर पहिले काही दिवस ताणला जातो. भिंतीवर खालच्या टोकाशी पेन्सिलची रेघ मारून ठेवावी आणि ते टोक रेघेखाली सरकायचं थांबलं की मगच निरगाठ मारावी.