मेणबत्तीच्या प्रयोगात पाणी का चढतं?

नागपुरात शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला गेलं की बशीतलं रंगीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती आणि तिच्यावर पालथा ग्लास हमखास दिसतो. मुलं पाठ केलेलं सांगतात, "ऑक्सिजन संपला, म्हणून पाणी एक पंचमांश चढलं."

हे चूक आहे. ज्योत विझते तेव्हा आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. हवेत तो २१ टक्के, म्हणजे साधारण एक पंचमांश असतो; ज्योत विझताना हवेत साधारण १६ टक्के उरलेला असतो. खरं कारण उष्णता. ग्लास ठेवताना आतली हवा तापून फुगते, थोडी बाहेर निसटते. काठाशी बुडबुडे येतात, नीट बघा. ज्योत विझली की हवा गार होऊन आकसते आणि पाणी तेव्हाच झपकन वर येतं. तीन मेणबत्त्या लावा, पाणी आणखी चढेल; ऑक्सिजन काही तिप्पट झालेला नसतो!

एक पंचमांश खरंच दाखवायचंय? व्हिनेगरमध्ये भिजवलेली बारीक लोखंडी तार परीक्षानळीत तळाशी कोंबा, नळी पाण्यात पालथी उभी करा. गंजताना लोखंड ऑक्सिजन घेतं, पाणी सावकाश चढतं. रात्रभर राहू द्या. फक्त आपल्या मे महिन्यातल्या उन्हात ठेवू नका, तापलेली हवा इथेही आकडा बिघडवते.